धोंडूच्या तोंडाला सांधा नाही

“मंजुळे, माणसाच्या अंगात हलणारा असा एक सांधा दाखव, जो मला आतून-बाहेरून ठाऊक नाही!”

भिकाजी गुरुजींनी हे जेवता जेवता सांगितलं आणि बोलण्याला वजन यावं म्हणून मांडी मोडून एका झटक्यात उठायला गेले. निम्मे उठले. पुढचं निम्मं राहिलं. उजवा गुडघा मधेच कुठंतरी अडकला आणि गुरुजी हातात आमटीची वाटी घेऊन, धड बसलेले नाहीत, धड उभे नाहीत, असे स्वयंपाकघराच्या मधोमध थांबले.

“हा कुठला म्हणायचा?” मंजुळानं विचारलं.

“बिजागरीचा,” गुरुजी दात आवळून म्हणाले. “दारासारखा. एकाच बाजूला उघडतो, एकाच बाजूला मिटतो. ओढ गं जरा.”

गुरुजींची आई, सुंदराबाई, चुलीपुढून उठलीसुद्धा नाही. “आदी वाटी काढून घे गो त्याच्या हातातली. सांदा मागनं बघू.”

मंजुळा वाटी घ्यायला गेली तोवर आमटी खुंटीवरच्या इस्त्रीच्या शर्टावर पोचली होती. मग तिनं नवऱ्याला काखेत धरून ओढलं, ‘टक्’ असा आवाज झाला, गुरुजी सरळ झाले आणि काहीच घडलं नाही अशा चेहऱ्यानं म्हणाले, “हवा असते ती. सांध्यात हवा असते. म्हणून वाजतं.”

असे त्यांचे बरेच सांधे वाजायचे. भाजलेले चणे खाताना जबडा तर असा कट्‌कट्‌ वाजायचा की पलीकडच्या घरातली मांजर कान टवकारायची. तीही हवाच.

मंजुळाला या माणसाचा राग यायला हवा होता, पण राग यायला माणूस घरी तरी असायला लागतो. गुरुजी वरंधच्याही वर, घाटाच्या कुशीतल्या एका वाडीवर शिकवायचे. मंजुळा महाडात, चवदार तळ्याच्या अलीकडच्या शाळेत दुसरीच्या पोरांना पाढे घोकून घ्यायची. लग्न झाल्यापासून हे असंच. शनिवारी सकाळची शाळा सुटली की गुरुजी वाडीवरून धावत वरंधला उतरायचे, एसटी पकडायचे, आणि सोमवारी उजाडायच्या आत परत निघायचे. सोमवारी संध्याकाळी मंजुळा शाळेतून आली की खुंटीवर त्यांचा टॉवेल ओला असायचा. तो वाळेपर्यंत ती तिथनं हलवायची नाही. मंगळवारी मात्र हलवायची, कारण सुंदराबाई टोमणा मारायची, “टावेल हाय का नवरा हाय गो?”

बदलीचे अर्ज करून झाले होते. अर्ज कुठं जातात ते कुणालाच कळत नव्हतं. आणि अशात यंदा महाड आणि पोलादपूर या दोन तालुक्यांतल्या शिक्षकांचं एक प्रदर्शन पोलादपुरात भरायचं ठरलं. शिकवायला उपयोगी पडेल असं साधन प्रत्येकानं स्वतः बनवून आणायचं. ज्याचं साधन पहिलं येईल, त्या शिक्षकाला महाडच्या केंद्रशाळेत आणायचं, म्हणजे आसपासच्या शाळांना ते साधन जवळून बघता येईल. हे वाचल्यावर गुरुजींनी जेवणाचं ताट तसंच ठेवलं होतं आणि वरची फुशारकी मारली होती.

“सांधे!” गुडघा सुटल्यावर ते म्हणाले. “आख्खा माणूस करतो लाकडाचा. खांदा फिरेल, कोपर वाकेल, मान वळेल. पोरांना पुस्तकातलं चित्र दाखवून कळतं का काही? हात लावून कळायला पाहिजे.”

“लाकूड कुठलं आणणार?” मंजुळानं विचारलं.

गुरुजींनी घरभर नजर फिरवली. ती नजर मंजुळाला आवडली नाही.

पहिल्या रविवारी माळ्यावरच्या मोडक्या खाटेचे पाय गेले. ते बरोबरच होतं, त्यांचे हात-पाय झाले. मग दोन गुडघे आणि दोन कोपरं करायला बिजागऱ्या लागल्या, तेव्हा गुरुजींनी न्हाणीच्या दाराच्या काढल्या.

“चार महिन्यांसाठी बिजागरी उसनी घ्यायला काय हरकत आहे?” ते म्हणाले. “आपलंच दार आहे.”

दार त्या दिवसापासून नुसतं टेकवून ठेवायचं. आंघोळीला गेलं की आतून एका हातानं दार धरायचं आणि एका हातानं तांब्या ओतायचा. मंजुळाला साबण लावायला तिसरा हात कुठून आणावा कळेना. तिनं दाराला आतून मुसळ टेकवलं. मुसळ घसरलं आणि दार शेजारच्या काशीबाईच्या अंगणात, काशीबाईच्या पाहुण्यांपुढं आडवं झालं. मंजुळा कोपऱ्यात घंगाळाआड होती म्हणून अब्रू वाचली. गुरुजींना हे सांगितलं तर ते म्हणाले, “बघ! बिजागरी नुसती फिरण्यासाठी नसते, धरून ठेवण्यासाठी असते. गुडघ्यालासुद्धा आजूबाजूनं पट्टे असतात घट्ट. ते नसते तर माणूस असाच आडवा.”

“मी आडवी झाले असते, त्याचं काय?”

“पट्ट्यांना सायकलची ट्यूब लावतो,” गुरुजी म्हणाले. त्यांचं लक्षच नव्हतं.

मान करायची वेळ आली तेव्हा जात्याचा खुंटा गेला. डोकं मणक्यावर कसं फिरतं ते दाखवायला त्याच्याइतकं चांगलं दुसरं काही नव्हतं, हे मंजुळालाही मान्य करावं लागलं. खालच्या तळीत खुंटा आणि त्याच्याभोवती फिरणारी वरची तळी, अगदी तसंच मानेतलं दुसरं हाड खुंटा होतं आणि पहिलं त्याच्याभोवती फिरतं. म्हणूनच माणसाला ‘नाही’ म्हणता येतं.

“आनि व्हय कसं म्हनायचं?” सुंदराबाईनं विचारलं. जातं बंद पडल्यामुळं तिला भरपूर वेळ होता.

“तो वेगळा सांधा, आये. कवटी आणि पहिलं हाड, त्यांच्यामधला. तो वर-खाली हलतो. तो मी नाही केला. खुंटा एकच होता.”

“म्हंजी ह्यो समद्यांना नायच म्हननार?”

“फक्त नाहीच.”

“तुज्या बापावानी,” सुंदराबाई म्हणाली आणि त्या दिवसापासून तिला लाकडी माणसाबद्दल माया वाटायला लागली.

तिनंच त्याचं नाव धोंडू ठेवलं. असा उघडा कसा बसतो म्हणून गुरुजींचा आमटीचा डाग पडलेला शर्ट त्याला चढवला, कमरेला पंचा गुंडाळला. मनगटात लहान लहान हाडं असतात, ती एकमेकांवर सरकतात, म्हणून गुरुजींनी मंजुळाचे माहेरचे सागरगोटे घेतले, तेव्हा मंजुळा रुसून बसली. सागरगोटे पिशवीत भरून पिशवी धोंडूच्या मनगटात शिवली, आणि धोंडूचा हात हलवला की खुळखुळ वाजायला लागला. तेव्हा तिला हसू आलं आणि रुसवा तिथंच संपला. लहानपणी खेळलेले सागरगोटे आता एका परक्या पुरुषाच्या मनगटात होते, आणि नवरा त्या पुरुषाचा हात धरून तिला म्हणत होता, “बघ, तुझ्याही इथं असंच आहे,” आणि तिचं मनगट बोटांनी दाबून एकेक हाड दाखवत होता. शनिवार-रविवारात असा हात फारसा धरला जात नसे. मंजुळानं सागरगोटे परत मागितले नाहीत.

खांद्याला नारळाची करवंटी आणि आत लाकडी चेंडू. खुब्याला तशीच वाटी, पण खोल.

“खांद्याची वाटी उथळ,” गुरुजी सांगत. “म्हणून हात सगळीकडं फिरतो. पण उथळ म्हणूनच निसटायची भीती. खुब्याची वाटी खोल, ती निसटत नाही, पण हातासारखं फिरूही देत नाही.”

“मदी ह्ये रबर कशाला?” सुंदराबाईनं विचारलं. हाडांच्या टोकांवर गुरुजींनी जुन्या स्लिपरच्या चकत्या चिकटवल्या होत्या.

“हाडावर हाड घासू नये म्हणून. खऱ्या माणसात गुळगुळीत कूर्चा असते. आणि बाहेरून सगळ्याला पिशवी, पिशवीत थोडंसं पातळ वंगण. चमचाभरसुद्धा नसतं, पण तेवढ्यावर आयुष्यभर माणूस चालतो.”

सुंदराबाईनं स्वतःच्या गुडघ्याकडं बघितलं. तिचा चमचा बहुतेक सांडला होता.

“तोंड कधी करणार?” मंजुळानं विचारलं. धोंडूचा चेहरा म्हणजे एक पाटीच होती. वर डोळे आणि खाली मिटलेलं तोंड, दोन्ही रंगवलेले.

“जबडा करायचाय,” गुरुजी उत्साहानं म्हणाले. “दोन्ही कानांपुढं सांधा असतो. हा सांधा बघ, दारासारखा उघडतो आणि पुढंही सरकतो…”

“नको रे बाबा,” सुंदराबाई म्हणाली. “घरात एक बोलनारा हाय तेवडा पुरे. ह्याचं तोंड मिटल्यालंच र्‍हाऊ दे.”

मंजुळाही सासूच्या बाजूनं गेली, त्यामुळं जबडा राहिला.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी धोंडू तयार झाला. खुर्चीत बसवला की बसायचा, उभा केला की उभा राहायचा, हात फिरवला की फिरायचा. गुरुजींनी सांध्यांना शिवणयंत्राचं तेल घातलं होतं, तरी गुडघा वाकताना बारीक ‘किर्र’ व्हायचं. गुरुजी म्हणाले की एवढं चालतं. सुंदराबाई मात्र त्या आवाजानं अस्वस्थ झाली. तो आवाज तिच्या ओळखीचा होता.

सकाळी पहिली एसटी गाठायची होती. मंजुळा पहाटे पाणी तापवत होती. सुंदराबाई चुलीशी वाटी घेऊन बसली होती आणि वाटीत कोकमतेलाचा गोळा विरघळत होता. रोजचंच होतं ते. थंडीत सुंदराबाई गुडघ्यांना गरम कोकमतेल चोळल्याशिवाय उठत नसे. मंजुळानं बघितलं आणि डबा बांधायला वळली. वाटी आज नेहमीपेक्षा मोठी होती, हे तिनं बघितलं, पण मनात घेतलं नाही.

एसटीत धोंडूला कंडक्टर खिडकीशी बसू देईना.

“मागं टपावर टाका.”

“टपावर? सांधे आहेत त्याचे!” गुरुजी म्हणाले.

“तिकीट लागेल मग.”

“माणूस नाही तो.”

“बसतोय ना माणसासारखा?”

बराच वाद झाला. शेवटी धोंडूचं अर्धं तिकीट निघालं, पण अर्ध्या तिकिटाला सीट नाही असं कंडक्टरनं बजावलं, म्हणून त्याला दाराजवळच्या ट्रंकेवर बसवलं. वळणावर पडू नये म्हणून गुरुजींनी त्याचा उजवा हात वर करून आडव्या दांडीला अडकवला. सुंदराबाईनं त्याच्या गळ्यात स्वतःचा मफलर गुंडाळला. ती प्रदर्शनाला येणार नव्हती. पण धोंडूला एकट्याला कसं पाठवायचं?

सावित्रीवरून धुकं येत होतं. खिडक्यांच्या काचा होत्या तिथं फुटलेल्या होत्या, आणि नव्हत्या तिथं नव्हत्या. पोलादपूर येईपर्यंत सगळे जण गारठून काकडले.

शाळेच्या पटांगणात टेबलं मांडली होती. शेजारच्या टेबलावर शिवथरकडच्या शाळेतले काशीराम गुरुजी मातीचा ज्वालामुखी घेऊन उभे होते. त्यातून मधून मधून उदबत्तीचा धूर निघत होता.

“जय भीम, गुरुजी. काय आणलंत?” काशीरामांनी विचारलं.

“जय भीम. माणूस आणलाय,” भिकाजी गुरुजी म्हणाले आणि धोंडूला टेबलावर ठेवला.

धोंडू बसला. म्हणजे बसलेलाच होता. उभा केला तरी बसलेलाच राहिला आणि टेबलावरून खाली कलंडू लागला. गुडघे काटकोनात, उजवा हात डोक्याच्या वर. गुरुजींनी हात खाली ओढला. येईना. दुसऱ्या हातानं टेबलाला धरून ओढला, तर आख्खा धोंडू उचलला गेला, पण हात जिथं होता तिथंच.

तोवर पोलादपूरच्या शाळेतली पोरं गोळा झाली. धोंडूच्या वर केलेल्या हाताची करंगळी ताठ होती. गुरुजींनी बोटं कोरताना एकच नीट जमली होती, ती ही.

“गुरुजी!” एक पोर ओरडलं. “ह्याला एकीला जायचंय!”

सगळं पटांगण हसलं. काशीराम गुरुजी ज्वालामुखीमागं तोंड लपवून हसले. भिकाजी गुरुजी हसले नाहीत. त्यांनी धोंडूचा गुडघा वाकवून बघितला, मान वळवून बघितली. धोंडू नाहीसुद्धा म्हणत नव्हता.

मंजुळानं वाकून करवंटीत बोट घातलं. आत पांढरं, मेणासारखं घट्ट काहीतरी बसलं होतं. तिनं नाकाजवळ नेलं. तो वास तिच्या घरात रोज सकाळी असायचा.

“आत्या,” तिनं हळूच विचारलं, “पहाटे तुम्ही कोणाला तेल लावत होता?”

“धोंडूला,” सुंदराबाई म्हणाली. “किरकिरत व्हता ना. मशिनीचं तेल कसलं त्ये, थंडगार. चांगलं गरम कोकमतेल घातलं समद्या सांद्यांत. वाटीभर. माज्या गुडघ्याला उतार पडतो, त्याला का नाय पडनार?”

गुरुजी आईकडं बघत राहिले. मंजुळाला वाटलं, आता ओरडतील. लग्न झाल्यापासूनच्या सगळ्या सोमवारच्या पहाटा त्यांच्या चेहऱ्यावर आल्या होत्या. घाट, वाडी, ओला टॉवेल, सगळं. तेल पुन्हा गोठलं होतं, म्हणजे पुढचं सगळं गोठलं होतं.

“बरं केलंस, आये,” गुरुजी म्हणाले. मग जरा थांबून, “त्याचं किरकिरणं थांबलं.”

मंजुळाला त्या क्षणी आपला नवरा इतका आवडला की तिला रडू यायला लागलं, आणि रडू आलं की तिला काम सुचायचं.

“तुम्ही आता एक शब्द बोलू नका,” ती म्हणाली. “मी सांगेपर्यंत तोंड उघडायचं नाही. उचला त्याला.”

पटांगणाच्या कडेला चहावाल्यानं कोळशाची शेगडी पेटवली होती. मंजुळानं धोंडूला शेगडीशेजारच्या बाकड्यावर बसवायला लावलं, खांदा आणि गुडघे विस्तवाच्या बाजूला. शेजारी सुंदराबाई बसली. गुरुजी मागं उभे राहिले, तोंड घट्ट मिटून. ते त्यांना फार जड जात होतं.

आणि नेमके त्याच वेळी विस्तार अधिकारी करमरकरसाहेब चहा घ्यायला आले. टेबलांकडं जाण्याआधी त्यांना चहा लागायचा. साहेब अंगानं भरलेले आणि गुडघ्यांनी रिकामे होते. बाकड्यावर बसताना त्यांनी ‘अग्गं आई’ म्हटलं, आणि ऊब घ्यायला शेगडीकडं सरकले. शेजारी मफलर गुंडाळलेला एक मनुष्य बसला होता.

“काय थंडी आहे हो,” साहेब त्या मनुष्याला म्हणाले.

मनुष्य काही बोलला नाही.

“कुठल्या शाळेचे?”

काही नाही. साहेबांनी चहाचा घोट घेतला. “अधिकाऱ्यानं विचारलं की उत्तर द्यायची पद्धत आहे, गुरुजी. आणि हात कशाला वर केलाय? काही विचारायचं असेल तर विचारा.”

मंजुळा पुढं धावली. पण तेवढ्यात खांद्याच्या करवंटीतलं तेल सुटलं आणि धोंडूचा वर केलेला हात हळूहळू, अगदी आपुलकीनं, खाली आला आणि साहेबांच्या खांद्यावर विसावला. मनगटातले सागरगोटे खुळखुळले.

साहेबांनी चहा सांडला. मग वळून नीट बघितलं. रंगवलेले डोळे त्यांच्याकडं बघत होते.

“हे काय आहे?”

“हा धोंडू, साहेब,” मंजुळा म्हणाली. “सांध्यांचा माणूस. आणि आत्ता तुम्ही बघितलंत तोच त्याचा पहिला धडा.”

“कोणता धडा?”

मंजुळाला कोणता ते ठाऊक नव्हतं. तिनं साहेबांच्या गुडघ्याकडं बघितलं आणि तोंडाला आलं ते सांगायला सुरुवात केली. “सकाळी उठलं की तुमचा गुडघा आखडतो ना साहेब? जरा चाललात की सुटतो?”

साहेबांचा चेहरा बदलला. “तुम्हाला कोणी सांगितलं?”

“बसताना ‘अग्गं आई’ म्हणालात ते ऐकलं. सांध्यात वंगण असतं. रात्रभर माणूस हलला नाही की ते जरा घट्ट होतं. हलायला लागलं, ऊब आली, की सैल होतं. धोंडूचंही आत्ता तेच झालं. सकाळी आखडला होता, आता सुटतोय. हात लावून बघा.”

मागं उभ्या असलेल्या गुरुजींनी तोंड उघडलं. मंजुळानं मागं न बघता टाच त्यांच्या पायावर ठेवली. तोंड मिटलं.

साहेबांनी धोंडूचा गुडघा धरला. तेल विरघळत होतं, गुडघा आधी जड आणि मग भसकन वाकला. साहेबांनी तो परत सरळ केला. परत वाकवला. मग एका हातानं धोंडूचा आणि दुसऱ्या हातानं स्वतःचा, असे दोन्ही गुडघे एकदम वाकवून बघितले. “ही बिजागरी का?”

“न्हाणीच्या दाराची,” मंजुळा म्हणाली. “आणि हे बाजूचे पट्टे, हे नसतील तर गुडघा दारासारखा शेजाऱ्याच्या अंगणात पडेल. मी न्हात असताना पडलंय ते.”

“काय?”

“दार, साहेब.”

मग तिनं खांदा दाखवला, खुबा दाखवला. उथळ वाटी आणि खोल वाटी. स्लिपरच्या चकत्या. पोरं परत गोळा झाली, पण आता कोणी हसत नव्हतं, सगळी स्वतःचे खांदे गरगर फिरवून बघत होती. काशीराम गुरुजीही ज्वालामुखी सोडून आले आणि मान डावीकडं-उजवीकडं करून बघू लागले. सुंदराबाईनं न विचारता पिशवीतून बरोबर आणलेलं उरलेलं कोकमतेल शेगडीवर गरम केलं आणि साहेबांच्या पायाशी बसली.

“विजार वर करा सायेब.”

“अहो, नको, नको—”

“आवो करा. धोंडूनं लाजायला पायजे तर त्यो लाजला नाय.”

साहेबांनी विजार गुडघ्यापर्यंत वर केली. सुंदराबाईनं चोळायला सुरुवात केल्यावर त्यांचे डोळे आपोआप मिटले.

“फार छान,” साहेब मिटल्या डोळ्यांनी म्हणाले. मंजुळाला कळेना, साधन छान की तेल. “कोणी केलंय हे?”

“ह्यांनी,” मंजुळा म्हणाली आणि बाजूला झाली. “भिकाजी गुरुजी. वरंधच्या वरच्या वाडीवर असतात.”

साहेबांनी डोळे उघडले. “गुरुजी, तुम्ही एकदम गप्प?”

मंजुळानं परत टाच त्यांच्या पायावर ठेवली, बोलायची परवानगी दिली नाही. ती अजून द्यायचीच होती. मघापासून नवरा बोलला नव्हता, आत किती साचलं असेल याचा तिला अंदाज होता.

“मी बाकीची टेबलं बघणार आहे,” साहेब पुढं म्हणाले, “पण माझं ठरल्यासारखं आहे. एकच विचारतो. गेल्या खेपेला ज्यांचं नाव काढलं ते ऐनवेळी नको म्हणाले, माझी पंचाईत झाली. म्हणून आता स्वतः माणसाच्या तोंडून ऐकल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. केंद्रशाळेत येणार का? नाहीतर ज्वालामुखी आहेच.”

मंजुळानं टाच उचलली.

भिकाजी गुरुजींनी छाती भरून श्वास घेतला. सकाळपासूनचं, नव्हे लग्नापासूनचं सगळं एका शब्दात मावणार नव्हतं, म्हणून त्यांनी त्या शब्दासाठी तोंड जेवढं उघडता येईल तेवढं उघडलं.

कट्.

तोंड उघडं राहिलं.

“बोला,” साहेब म्हणाले.

“आ,” गुरुजी म्हणाले.

“आ म्हणजे?”

“आ… आ…” गुरुजींनी हातानं हनुवटी वर ढकलली. हनुवटी हलेना. डोळे मोठे झाले. कानांपुढं दोन्हीकडं खळगे पडले होते, आणि त्या खळग्यांत काय झालंय हे पटांगणातल्या सगळ्या माणसांपेक्षा त्यांनाच जास्त ठाऊक होतं. सांगता मात्र येत नव्हतं.

“आनंद झालाय त्यांना,” मंजुळा म्हणाली. “येणार म्हणतायत.”

“ते मला ऐकू आलं नाही,” साहेब म्हणाले. “येणार की नाही, गुरुजी? हो किंवा नाही सांगा. हा असा आ काय वासताय?”

काशीराम गुरुजींनी ज्वालामुखीत नवी उदबत्ती खोचली.

“मान!” मंजुळा ओरडली. “अहो, मान आहे ना तुम्हाला! वरचा सांधा! जो धोंडूला नाही तो!”

भिकाजी गुरुजींना समजलं. त्यांनी तोंड उघडं ठेवून मान वर-खाली हलवली. एकदा, दोनदा, मग थांबेचनात. लाळ शर्टावर उडाली, चष्मा नाकावरून घसरून शेगडीत पडता पडता सुंदराबाईनं झेलला, तरी ते हो, हो, हो म्हणत राहिले. त्यांच्या हलण्यानं बाकडं हललं, उबेनं तेल सुटून धोंडूची मान सैल झाली आणि तो शेजारी बसून नाही, नाही, नाही करत राहिला.

साहेबांनी दोघांकडं आळीपाळीनं बघितलं. मग खिशातून पेन काढलं. “मी जिवंत माणसाचं धरतो,” ते म्हणाले आणि नाव लिहिलं.

मंजुळानं तोंडावर पदर धरला. आता ती हसत होती की रडत होती ते तिचं तिलाच कळेना. सुंदराबाईनं साहेबांचा दुसरा गुडघा मागितला.

टेबलं बघून होईपर्यंत गुरुजींचा जबडा तसाच होता. एक माशी आत जाऊन बाहेर आली. पोरांनी माश्या मोजायला सुरुवात केली तेव्हा मंजुळानं नवऱ्याच्या तोंडावर धोंडूचा मफलर बांधला आणि त्याला गावातल्या डॉक्टरांकडं नेलं. धोंडूला सुंदराबाईनं काखेत घेतला होता. डॉक्टरांनी सांगितलं की जबड्याची दोन्ही टोकं खाचेतून पुढं सरकलीत, भ्यायचं काम नाही, दाढांवर दोन अंगठे ठेवून खाली दाबायचं आणि मागं ढकलायचं, क्षणाचं काम आहे. अंगठ्यांना फडकं गुंडाळतात, पण फडकं उकळायला ठेवलं होतं, आणि डॉक्टर म्हणाले की मला सवय आहे.

त्यांनी दाबलं. जबडा बसला. डॉक्टरांचे अंगठे आत होते.